भूकंप आणि घरांचे पाये : सोलापूर–लातूर परिसर

घराचा भार जमिनीवर पोहोचविणारा, सामान्यतः जमिनीखाली असणारा बांधकामाचा भाग म्हणजे पाया. एरवी पायाचे काम एकाच दिशेचे असते : वरून आलेले वजन पेलावयाचे व ते मातीला सोसेल इतक्या क्षेत्रावर पसरावयाचे. भूकंपात ही दिशा उलटते. जमीन प्रथम हलते, पाया जमिनीबरोबर हलतो आणि भिंती व छप्पर जडत्वामुळे मागे राहू पाहतात. त्यामुळे पायाच्या वरच्या कडेशी आडवे बल निर्माण होते. घराचे वजन जितके अधिक, तितके हे बल अधिक. भूकंपात कोणते घर टिकेल हे केवळ पायावर ठरत नाही. पाया कोणत्या मातीत आहे, त्यावर किती वजन आहे आणि पाया, भिंत व छप्पर यांचे परस्परांशी बंध कसे आहेत, यांवर ते ठरते. महाराष्ट्रात याची सर्वांत कठोर परीक्षा ३० सप्टेंबर १९९३ रोजी सोलापूरच्या पूर्वेस लातूर व उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) या जिल्ह्यांच्या सीमेवर झाली. किल्लारीचा भूकंप म्हणून ती घटना ओळखली जाते. तेथे पडलेली घरे आणि सोलापूर जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील घरे ही एकाच पद्धतीची होती. म्हणून या परिसराचा एकत्र विचार करणे इष्ट ठरते.

काळी, पांढरी आणि मुरूम : सोलापूर, धाराशिव व लातूर हे जिल्हे दक्षिणेच्या पठारावरील बेसाल्ट खडकाच्या थरांवर वसलेले आहेत. किल्लारी येथे भूकंपानंतर घेतलेल्या छिद्रात बेसाल्टाची जाडी सुमारे ३४० मी. आढळली, त्याखाली अतिप्राचीन स्फटिकी खडक आहे. भूपृष्ठाशी मात्र घर बांधणाऱ्याचा संबंध तीनच गोष्टींशी येतो. बेसाल्टाच्या झिजेतून बनलेली काळी माती, तिच्याखालचा अर्धवट झिजलेला मुरूम आणि त्याखालचा कठीण काळा दगड. काळ्या मातीची जाडी टेकडीच्या माथ्यावर काही सेंटीमीटर, तर नदीकाठी अनेक मीटर असते. मराठी गावगाड्याच्या भाषेत शेतजमिनीला ‘काळी’ व गावठाणाला ‘पांढरी’ म्हणत. हा भेद केवळ महसुली नव्हता. पिढ्यान् पिढ्या मातीची घरे पडून, त्यांवर पुन्हा घरे उठून गावठाणाची जमीन उंचावत गेली व तिची माती फिकट, राखट बनली. हीच पांढरी माती दगडांच्या सांध्यांत व धाब्यावर वापरली जाई. पाटील-देशमुखांच्या गढ्या तर पुष्कळ ठिकाणी अशा भरावाच्या टेकाडांवरच उभ्या आहेत. म्हणजे जुन्या गावातील घराचा पाया नैसर्गिक जमिनीत असेलच असे नाही. तो पूर्वजांच्या पडक्या घरांच्या ढिगात असण्याचा संभव अधिक.

काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. वैशाखात शेतात पडणाऱ्या भेगांत हात सहज जातो. अशा मातीत उथळ पाया घेतला, तर घर दरवर्षी थोडे वर उचलले जाते व थोडे खाली बसते आणि तेही सर्वत्र सारखे नाही. बाहेरच्या कडेची माती आधी भिजते व आधी वाळते. जोत्याखालची मध्यभागची माती ओलसर राहते. परिणामी भिंतींत तिरप्या भेगा पडतात. या परिसरातील गवंडी म्हणूनच ‘मुरूम लागेपर्यंत खणा’ असे सांगत आले आहेत. तो सल्ला भूकंपासाठी दिलेला नव्हता. परंतु तो पाळला गेला तेथे भूकंपातही त्याचा लाभ झाला असे म्हणता येते. मुरूम फार खोल असेल तेथे गरीब घरमालकाला हा सल्ला परवडत नसे. मग ६०–९० सेंमी. खोल चर खणून त्यात गोटे व चिखल भरून पाया उचलला जाई.

धाब्याचे घर : सोलापूर जिल्ह्यात व मराठवाड्यात पाऊस बेताचा व उन्हाळा तीव्र, मे महिन्यात तापमान ४०° से.च्या पुढे जाते. या हवामानाला साजेसे घर म्हणजे धाब्याचे किंवा माळवदाचे घर. जाड दगडी भिंती, सपाट मातीचे छप्पर, रस्त्याच्या बाजूला शक्यतो खिडकी नाही आणि उजेडासाठी माळवदात ठेवलेले सवणे. घराचे माप खोल्यांत नव्हे, तर खणांत सांगत : दोन तुळयांमधील अंतर म्हणजे एक खण. पाच खणांचे, दहा खणांचे घर या शब्दांतून घरधन्याची ऐपतही कळत असे.

या घराची रचना नीट पाहिल्यावाचून भूकंपातील त्याचे वर्तन समजत नाही. पाया गोट्यांचा, त्यावर जमिनीपासून अर्धा ते एक मीटर उंचीचे जोते. जोत्याची दर्शनी बाजू ऐपतीप्रमाणे घडीव दगडांची. वर भिंत, तिची जाडी ६० सेंमी. पासून सव्वा मीटरपर्यंत, क्वचित त्याहूनही अधिक. एवढी जाड भिंत एकजीव असेल असे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः ती एक भिंत नसून दोन भिंती असतात. बाहेरच्या अंगाला बऱ्यापैकी तासलेल्या दगडांचा एक थर, आतल्या अंगाला तसाच दुसरा आणि मधल्या पोकळीत कपच्या, खडी व चिखल. दोन्ही थरांना सांधणारे आरपार दगड घालण्याची रीत जुन्या चांगल्या कारागिरांस माहीत होती. पण लांब दगड मिळविणे व घडविणे खर्चाचे असल्याने गावोगावच्या घरांत ती सुटत गेली. कोपऱ्यात दोन भिंतींचे दगड एकमेकांत गुंतविण्याकडेही असेच दुर्लक्ष झाले.

छपराचा भार दोन प्रकारांनी खाली येई. सधन घरांत सागाचे किंवा बाभळीचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर सर व कडीपाट अशी स्वतंत्र लाकडी चौकट असे आणि भिंत केवळ आडोशाची. खांब जमिनीत पुरलेले नसून दगडी तळखड्यावर नुसते टेकविलेले असत. गरिबांच्या घरांत खांब टाळून तुळयांची टोके थेट भिंतीवर ठेवीत. दोन्ही प्रकारांत लाकडावर पाला किंवा तुराट्या अंथरून त्यावर ३० ते ८० सेंमी. माती चढविलेली असे. पावसाळ्यापूर्वी धाब्याची डागडुजी करावयाची म्हणजे आणखी माती टाकावयाची, हा दरवर्षीचा क्रम. जुनी माती काढण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नसे. ३ × ४ मी.च्या खोलीवर ५० सेंमी. मातीचा थर असेल, तर ती माती ६ घ.मी. भरते आणि तिचे वजन साडेनऊ टनांच्या आसपास जाते. म्हणजे भरलेल्या मालमोटारीएवढे ओझे झोपलेल्या कुटुंबाच्या डोक्यावर असे.

भाजलेल्या विटा या प्रदेशास नव्या नव्हत्या. तेरणा नदीकाठच्या तेर (प्राचीन तगर) येथे सातवाहन काळापासूनचे विटांचे बांधकाम सापडले असून तेथील त्रिविक्रम मंदिराचा विटांचा गाभा अद्याप उभा आहे. पुढील काळात मात्र ग्रामीण घरांत दगडाने विटेची जागा घेतली. वीट भाजावयास सरपण व पैसा लागतो. दगड शेतातूनच निघतो. सोलापूर शहरात पेठांतील वाडे, गिरण्यांच्या इमारती व कामगारांच्या चाळी यांत चुन्याचा वापर झाल्याने भिंतींचा बंध खेड्यांतल्यापेक्षा चांगला होता. खेड्यात चुना देवळापुरता व फार तर वाड्याच्या दरवाजापुरता.

स्थिरतेची समजूत : दक्षिणेचे पठार हे प्राचीन, कठीण व म्हणून भूकंपमुक्त, असा समज विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शास्त्रज्ञांतही प्रचलित होता. १९६२ साली निघालेल्या भूकंपरोधी अभिकल्पाच्या पहिल्या भारतीय मानकातील नकाशात पठाराचा बराचसा भाग जवळजवळ निर्धोक मानला होता. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे सातारा जिल्ह्यातील कोयनानगर येथे ६.३ महत्तेचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे दगावली, कोयनानगरातील बहुतेक घरे पडली किंवा निकामी झाली. त्यानंतर नकाशा सुधारण्यात आला आणि कोयनेचा परिसर अधिक धोक्याच्या विभागात गेला. परंतु कोयनेचे कारण धरणाच्या जलाशयात शोधले गेल्याने पठाराच्या उर्वरित भागाविषयीचा समज फारसा बदलला नाही. १९८४ च्या नकाशातही किल्लारीचा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागातच होता. कोयनेच्या काठी दगड व चिखल यांच्या भिंतींनी जे दाखविले, ते पूर्वेकडे दोनशेहून अधिक किमी.वर त्याच पद्धतीने बांधणाऱ्या लोकांपर्यंत सव्वीस वर्षांत पोहोचले नाही. ही त्रुटी शास्त्राची जेवढी होती, त्याहून अधिक प्रसाराची होती असे म्हणावे लागते.

ऑगस्ट १९९२ पासून किल्लारी व आसपासच्या गावांना लहान धक्के जाणवू लागले. त्यांतील १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का मोठा होता व त्याने काही घरांना तडे गेले. लोक काही काळ घाबरले, काहींनी उघड्यावर रात्री काढल्या. पुढे धक्के विरळ झाले व माणसे घरांत परतली.

३० सप्टेंबर १९९३ : आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन आटोपून लोक उशिरा झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. त्याची महत्ता ६.२ (त्यावेळच्या वृत्तांत ६.४) इतकी होती. जगातील मोठ्या भूकंपांच्या मानाने तो मध्यमच होता. परंतु त्याची नाभी जेमतेम १० किमी. खोलीच्या आसपास होती आणि अपिकेंद्र (नाभीच्या बरोबर वर भूपृष्ठावर येणारा बिंदू) दाट वस्तीच्या गावांजवळ होते. किल्लारी–तळणी भागात जमिनीवर भेगा व उंचवट्यांची सुमारे १ किमी. लांबीची तुटक रांग उमटली. सरकारी आकड्यांनुसार ७,९२८ माणसे मृत्युमुखी पडली व सुमारे १६,००० जखमी झाली. किल्लारी, सास्तूर, होळी, राजेगाव, मंगरूळ, पेठ सांगवी इ. गावे काही सेकंदांत ढिगारे झाली. अपिकेंद्रापासून सु. ८५ किमी.वरील सोलापूर शहर धक्क्याने जागे झाले. तेथे मोठी हानी झाली नाही. सोलापूरच्या शासकीय रुग्णालयात जखमींची रीघ लागली.

पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना एक गोष्ट सर्वत्र दिसली : पाया खचल्यामुळे पडलेली घरे क्वचितच होती. ढिगारे उपसल्यावर जोती बहुधा जागेवर सापडत. पडल्या त्या जोत्यावरच्या भिंती. हादऱ्यांनी प्रथम बाहेरचा दगडी थर आतल्या थरापासून सुटून फुगला व बाहेर कोसळला. मधली खडी व चिखल घळघळून आला. मग आतला थर आणि त्यावर टेकलेल्या तुळया मातीसह खाली आल्या. छपराची माती इतकी बारीक होती की दगडाने न मेलेली माणसेही तिच्याखाली गुदमरली.

जेथे छपराचा भार स्वतंत्र लाकडी चौकटीवर होता, तेथे भिंती सर्व बाजूंनी गळून पडल्या असूनही खांब, तुळया व माळवद उभे राहिल्याची अनेक उदाहरणे आढळली. मात्र आत झोपलेल्यांवर भिंतीचा आतला थर पडल्याने अशा घरांतही जीवितहानी झाली. सर्वांत कमी हानी झाली ती गावकुसाबाहेरच्या, कुडाच्या व गवताने शाकारलेल्या झोपड्यांची. त्यांना पाया असा नव्हताच. मेढी जमिनीत रोवलेल्या, कुडाला शेणमातीचा लेप आणि वर हलके छप्पर. शेकडो वर्षे ज्यांना दगडी घर परवडले नाही, ते त्या रात्री वाचले. आणि ज्यांनी सवा मीटर जाडीच्या भिंती बांधून सुरक्षिततेची खात्री मानली, त्यांच्या घरी माणसे अधिक गेली. विटा व सिमेंट वापरलेली थोडी घरे, काही शाळा-कचेऱ्या व पाण्याच्या बहुतेक उंच टाक्या तडे जाऊन का होईना उभ्या राहिल्या.

पायाच्या प्रकारांचे वर्तन : किल्लारीच्या अनुभवावरून पाया दुय्यम आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. तेथील पाये टिकले, कारण त्यांच्यावरील भिंती त्यांची परीक्षा होण्याआधीच कोसळल्या. भिंती मजबूत केल्या की आडवे बल पायापर्यंत पोहोचते व तेव्हा पायाचा प्रकार महत्त्वाचा ठरतो.

गोट्यांचा व चिखलाचा सलग चराचा पाया वजन पेलतो, पण ताण सोसत नाही. भूकंपलाट घराखालून जाताना एका कोपऱ्याची जमीन दुसऱ्या कोपऱ्याच्या जमिनीपेक्षा वेगळी हलते. असा पाया जागोजाग सुटतो व ती फट भिंतीतून वर चढते. यावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे जोत्याच्या माथ्यावर सर्व भिंतींवरून सलग फिरणारी, पोलादी गजांनी प्रबलित केलेली काँक्रीटची पट्टी. ती पायास कंबरपट्ट्याप्रमाणे बांधून ठेवते. काळ्या मातीच्या फुगण्या-आकसण्यापासूनही तीच पट्टी घराचे रक्षण करते. म्हणून भूकंप झाला नाही तरी तिच्यावरील खर्च वाया जात नाही. हे सोलापूर भागातील घरमालकाला पटविण्यास भूकंपाच्या भीतीपेक्षा अधिक उपयोगी पडणारे कारण आहे.

स्वतंत्र खांबांखाली स्वतंत्र पाया घेण्याची पद्धत प्रबलित काँक्रीटच्या चौकटीच्या घरांबरोबर आली. सोलापुरात काळा थर खणून मुरमात किंवा खडकात असे पाये घेतात. प्रत्येक पाया वेगळा असल्याने भूकंपात खांबांचे तळ एकमेकांपासून दूर सरकण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी त्यांना जमिनीच्या पातळीवर तुळयांनी जोडावे लागते. या तुळया वगळून केलेली बचत ही फार महाग बचत होय. भराव खोल असेल, तर सर्व घराखाली एकच काँक्रीटची शिला (तराफा पाया) टाकतात; ती घराला एकत्र ठेवते, पण खर्चिक असते.

काळ्या मातीसाठी भारतात विशेष उपयोगी ठरलेला प्रकार म्हणजे तळाशी फुगवटा असलेली स्थूणा (जमिनीत खोल घातलेला काँक्रीटचा खांब). रूडकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने ही पद्धत विकसित केली. गिरमिटाने ३–४ मी. किंवा अधिक खोल भोक पाडून त्याचा तळ रुंदावतात व गजांसह काँक्रीट भरतात. ऋतुमानाने हलणाऱ्या थराखाली हा फुगवटा नांगराप्रमाणे अडकतो. स्थूणांची डोकी तुळईने बांधली व तुळई जमिनीपासून किंचित वर ठेवली, म्हणजे मातीच्या फुगण्याचा धक्का भिंतीस लागत नाही. भूकंपात मात्र स्थूणेच्या वरच्या भागात वाकविणारा जोर सर्वाधिक असतो. तेथे पुरेसे पोलाद नसेल, तर ती जमिनीखाली, दृष्टीआड मोडते.

तळखड्यावर टेकविलेला लाकडी खांब हा वरील सर्वांहून वेगळा प्रकार. जमीन फार जोराने सरकली, तर तो तळखड्यावर घसरतो व धक्क्याचा काही भाग वर जाऊच देत नाही. जपानमधील जुन्या लाकडी इमारतींचे खांबही असेच दगडांवर ठेवलेले असत. रूडकी विद्यापीठातील आ. स्व. आर्य व त्यांचे सहकारी यांनी जोते व भिंत यांमध्ये मुद्दाम घसरणारा थर ठेवण्याचे प्रयोग केले होते. आधुनिक काळात रबर व शिसे यांच्या आधारकांवर इमारत ठेवण्याची पद्धत याच तत्त्वाची प्रगत आवृत्ती असून २००१ च्या भूकंपानंतर भूज येथे बांधलेल्या जिल्हा रुग्णालयात तिचा अवलंब करण्यात आला. मराठवाड्याच्या सुताराने हे तत्त्व जाणून तळखडा ठेवला असे मात्र मानण्यास आधार नाही. त्याचा हेतू लाकूड वाळवी व ओल यांपासून वाचविणे हाच असावा.

मातीचा परिणाम : जलोढ वाळूवरील पायांना आणखी एक संकट असते. पाण्याने भरलेली सुटी वाळू हादऱ्यांनी काही काळ द्रवासारखी वागते (द्रवीभवन). १६ जून १९६४ रोजी जपानमधील नीइगाता येथे काही चारमजली इमारती न मोडता अख्ख्या कलंडल्या, एक तर जवळजवळ आडवी झाली. सोलापूर–लातूर भागातील चिकण काळ्या मातीत हा धोका नगण्य आहे. येथे प्रश्न आहे तो हादऱ्यांच्या वर्धनाचा.

कठीण खडकावरील मऊ थर स्वतःच्या ठराविक आवर्तकालाने झुलतो. थर जाड व मऊ असेल, तर हा काळ मोठा. १९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिको शहर अपिकेंद्रापासून सु. ३५० किमी. दूर असूनही जुन्या सरोवराच्या गाळाने सुमारे दोन सेकंदांच्या आवर्तकालाची गती वाढविली आणि मुख्यतः सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारती पडल्या. ठेंगणी घरे बव्हंशी वाचली. किल्लारीकडील स्थिती उलट आहे. ५ मी. जाडीच्या काळ्या मातीच्या थरातून आडवी लाट सेकंदाला १५० मी. वेगाने जाते असे धरल्यास थराचा आवर्तकाल सुमारे ०.१३ सेकंद येतो. एकमजली, जाड भिंतींच्या दगडी घराचा आवर्तकालही जवळजवळ तेवढाच असतो. माती व घर एकाच तालात हलल्यास हादरा कितीतरी वाढतो. म्हणून मुरमापर्यंत नेलेला पाया केवळ भाराच्या दृष्टीने नव्हे, तर या तालातून घर अंशतः सोडविण्याच्या दृष्टीनेही चांगला. उंच इमारतींना हा पातळ थर तितका बाधत नाही. अमुक पाया चांगला व अमुक वाईट असे माती व घराची उंची न पाहता सांगता येत नाही, ते यामुळे.

काळ्या मातीच्या भेगा आणि भूकंपाच्या भेगा यांतील फरक ओळखणे हे पाहणीचे नाजूक काम आहे. पाया असमान बसल्याने पडलेली भेग सामान्यतः एकाच दिशेने तिरपी, एका टोकाला रुंद आणि ऋतूप्रमाणे कमीजास्त होणारी असते. हादऱ्याने भिंतीवर फुलीच्या आकाराच्या भेगा पडतात व कोपरे उभे फाटतात. पहिल्या प्रकारात पायाकडे, दुसऱ्यात भिंतीच्या बांधणीकडे लक्ष द्यावे लागते.

क्वेट्ट्याचे उदाहरण : आधी मिळालेल्या इशाऱ्याचा उपयोग करता येतो, याचा भारतीय उपखंडातील जुना दाखला क्वेट्टा येथील आहे. १९३१ च्या माच भूकंपानंतर रेल्वेचे अभियंते एस. एल. कुमार यांनी बलुचिस्तानातील रेल्वे वसाहतींसाठी जुन्या रुळांचा आधार घेतलेली भूकंपरोधी घरे आखली. ३१ मे १९३५ च्या भूकंपात क्वेट्टा शहर उद्ध्वस्त होऊन हजारो माणसे मेली. ही घरे मात्र टिकली. किल्लारीला १९९२ चे धक्के हा असाच इशारा होता. पण नकाशावर तो परिसर पहिल्या विभागात होता.

पुनर्वसन : महाराष्ट्र शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने हाती घेतलेल्या कार्यक्रमात सर्वाधिक हानीची ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. घराचे क्षेत्रफळ जमीनधारणेवर ठरले : भूमिहीन व अल्पभूधारकांना २५० चौ. फुट, मध्यम शेतकऱ्यांस ४०० व मोठ्यांस ७५० चौ. फुट. सोलापूरसह १३ जिल्ह्यांत दीड लाखांहून अधिक घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण यांसाठी हप्त्यांनी अनुदान दिले गेले. या कामात ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या द्वारे गावोगावच्या स्त्रिया संवाद सहायक म्हणून नेमल्या गेल्या. त्यांनी सिमेंट किती, गज कोठे व हप्ता कधी हे घरोघर समजावून सांगितले. अनेक ठिकाणी बांधकामावर देखरेख केली.

त्याच वर्षी, १९९३ मध्ये, कमकुवत दगडी बांधकामासाठी व मातीच्या घरांसाठी स्वतंत्र भारतीय मानके निघाली. त्यांतील सूचना साध्या आहेत. दगडी भिंत ४५ सेंमी. पेक्षा जाड नसावी. दर ६० सेंमी. उंचीवर, जास्तीत जास्त १.२ मी. अंतराने आरपार दगड असावेत. जोते, दारांचा माथा व छप्पर या पातळ्यांवर सलग पट्ट्या असाव्यात. कोपऱ्यांत पायापासून छपरापर्यंत उभे गज असावेत. उभ्या घरातही भिंतीत भोके पाडून काँक्रीटचे बंध भरणे, दारांच्या माथ्यावर पट्टी फिरविणे व धाब्यावरील जादा माती उतरविणे शक्य असते.

लोकांनी मात्र बहुतांशी वेगळाच मार्ग पत्करला. दगडावरचा विश्वास उडाला होता. दुरुस्तीच्या अनुदानात जुन्या घराला बंध घालण्याऐवजी शेजारी विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधणे त्यांना अधिक श्रेयस्कर वाटले. ती खोली सुरक्षित होती, यात शंका नाही. पण जुने घर तसेच राहिले आणि सवडीने पुन्हा वापरात आले. भिंती जाड, माळवद मातीचे, म्हणून उन्हाळ्यात थंड. नव्या खोलीत व पत्र्याच्या आडोशात मेमध्ये दुपारी बसवत नसे. अभियंत्यांच्या दृष्टीने हा विसंगत व्यवहार; चाळीस अंशांच्या उन्हात राहणाऱ्याच्या दृष्टीने तो तसा नव्हता. जुन्या घराचा थंडावा राखून त्याचा बंध सुधारणे हे तंत्रदृष्ट्या अवघड नव्हते. परंतु ते गवंड्याच्या हाताने, घराघराप्रमाणे वेगळे करावे लागे आणि अशा कामाची मोजदाद हप्त्यांच्या पद्धतीत बसणे कठीण होते.

२००२ साली सुधारलेल्या मानकात पहिला विभाग रद्द करण्यात येऊन लातूर, उस्मानाबाद व सोलापूर तिसऱ्या विभागात घालण्यात आले. सोलापूर शहरात त्यानंतरच्या काळात बहुमजली इमारती वाढल्या. त्यांचे पाये मुरमात किंवा खडकात असल्याने सामान्यतः चांगले असतात. धोका पायाच्या लगेच वर असतो : वाहनांसाठी मोकळ्या ठेवलेल्या तळमजल्यात भिंती नसतात, वरचे मजले मात्र भिंतींनी भरलेले. २६ जानेवारी २००१ रोजी अपिकेंद्रापासून दोनशेहून अधिक किमी. अंतरावरील अहमदाबादेत कोसळलेल्या इमारतींपैकी अनेक याच रचनेच्या होत्या. अशा तळमजल्यात खांब वाढविणे किंवा पायापासून वर नेलेल्या काँक्रीटच्या काही भिंती घालणे हा उपाय आहे. खेड्यांत उरलेल्या धाब्याच्या घरांचे छप्पर हळूहळू पत्र्याने बदलले जात आहे; त्यामुळे डोक्यावरचे ओझे कमी होते, पण दोन थरांची, आरपार दगड नसलेली भिंत व तिच्याखालचा चिखलाचा पाया पुष्कळ घरांत पूर्वीसारखाच राहतो आणि हलक्या छपराखाली भिंतीच्या माथ्याला पूर्वी तुळयांच्या भाराने मिळणारा दाबही उरत नाही. पत्रा घालतानाच भिंतीच्या माथ्यावर पट्टी फिरविली, तर हा दोष थोड्या खर्चात दूर करता येतो.